सर्व्हरची किल्ली कुणाच्या कनवटीला?

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत ओळखीचे एक फाउंड्रीवाले आहेत. गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला त्यांनी व्हॉट्सॲपवर एक एक्सेल शीट पाठवली आणि खाली लिहिलं, ‘ह्यात काय भरायचं बघा की. नायतर सगळीकडं यस टाकून देतो.’

शीट त्यांच्या मोठ्या गिऱ्हाइकाकडून आली होती, गाड्यांचे सुटे भाग घेणाऱ्या कंपनीकडून. एरवी तिथून मेल येतात ते कास्टिंगच्या रिजेक्शनचे. या वेळचे प्रश्न निराळेच होते. सर्व्हरवरचा डेटा एन्क्रिप्ट केलेला आहे का? लॉगिनला मल्टी-फॅक्टर ऑथेंटिकेशन आहे का? मालवेअरपासून संरक्षण काय? बॅकअपवरून डेटा परत आणून शेवटचं कधी पाहिलंत?

मी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या कारखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो. असल्या शीट यंदा माझ्याकडं पाच-सहा तरी आल्या. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. लोकांची माहिती नीट न सांभाळणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. त्यामुळं मोठ्या कंपन्या आता आपल्या पुरवठादारांनाही खोदून विचारायला लागल्यात. ‘यस’ टाकायला दोन मिनिटं लागतात. पण प्रश्न काय आहे हे तरी कळायला हवं.

सर्व्हर म्हणजे नेमकं काय?

नावाला घाबरू नका. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत सर्व्हर म्हणजे अकाउंटच्या खोलीत, प्लायवूडच्या कपाटात, यूपीएसशेजारी धूळ खात बसलेला एक खोका. टॅली त्याच्यावर, पगारपत्रक त्याच्यावर, गिऱ्हाइकाची ड्रॉइंग, धातूच्या तपासणीचे (स्पेक्ट्रोचे) रिपोर्ट, सगळं त्याच्यावरच. बाकीचे कॉम्प्युटर त्याला मागतात आणि तो देतो. देणारा तो सर्व्हर, इतकंच.

दुकानात गल्ला एकच असतो, तसा हा. म्हणून राखण त्याची करायची.

एन्क्रिप्शन: कुलूप सगळ्यांना माहीत, किल्ली एकालाच

मजकूर अशा रीतीनं घुसळून टाकायचा की किल्ली असेल त्यालाच तो परत लावता येईल, याला एन्क्रिप्शन म्हणतात. किल्ली म्हणजे इथं एक प्रचंड मोठा आकडा.

आमच्या गावात हे समजावायला एक सोय आहे. घरोघरी आजोबांच्या ट्रंकेत मोडीतले कागद सापडतात आणि कुणाला ओ की ठो कळत नाही. मग ते एन्क्रिप्टेड झाले का? नाही. मोडी शिकलेला कुणीही माणूस ते वाचतो. पुराभिलेखागारात रोज वाचले जातात. रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवायची करपल्लवी घ्या. खुणा ज्याला ठाऊक, त्याच्यापासून काहीच लपत नाही. या दोन्हींत गुपित पद्धतीत आहे, आणि पद्धत एकदा फुटली की खेळ खलास.

खऱ्या एन्क्रिप्शनचं उलटं असतं. ऑगस्ट केर्कहॉफ्स नावाच्या गृहस्थानं १८८३ सालीच हे मांडून ठेवलंय: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालेल, गुपित फक्त किल्लीत असावं. आज जगभर वापरात असलेली एईएस ही पद्धत अमेरिकी सरकारनं २००१ साली प्रमाण म्हणून स्वीकारली. ती कशी चालते हे कुणीही वाचू शकतं. तरी ती टिकून आहे, कारण तिच्या २५६ बिटांच्या किल्लीच्या शक्यतांची संख्या लिहायची तर ७८ अंकी आकडा होतो. एकेक किल्ली लावून बघणाऱ्याचा जन्मच काय, पृथ्वीचं आयुष्यही पुरायचं नाही.

हे कुलूप दोन ठिकाणी लावायचं असतं. एक, डेटा पडून असताना, म्हणजे हार्ड डिस्कवर. विंडोजच्या प्रो आणि सर्व्हर आवृत्तीत बिटलॉकर मिळतो. तो चालू केला की कुणी खोका उचलून नेला तरी डिस्कवरून काही वाचता येत नाही. दोन, डेटा वाटेवर असताना. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस दिसतं ते हेच. मात्र त्याचा अर्थ वाट बंदिस्त आहे एवढाच. पलीकडं बसलेला माणूस सज्जन आहे असं ते सांगत नाही. भामट्याच्या साइटलाही एचटीटीपीएस मिळतं, फुकट.

बिटलॉकर चालू करताना ४८ अंकी रिकव्हरी की मिळते. तिची फाइल त्याच सर्व्हरच्या डेस्कटॉपवर ठेवलेली मी स्वतः पाहिली आहे. तिजोरीची किल्ली तिजोरीत. कागदावर छापा आणि बँकेच्या लॉकरमध्ये टाका. ती हरवली तर डेटा तुमचा असूनही तुम्हाला उघडणार नाही.

मग एन्क्रिप्शन केलं की चोर अडला?

इथं बरेच मालक फसतात. डिस्कवरचं कुलूप सर्व्हर बंद असताना कामाचं. सकाळी सर्व्हर चालू झाला, लॉगिन झालं, की ते उघडतं. उघडल्याशिवाय टॅली चालणार कशी? तुमच्या नावानं आत आलेल्याला सगळं तुमच्यासारखंच दिसतं.

आणि गंमत अशी की हेच कुलूप चोरही वापरतो. रॅन्समवेअर म्हणतात ते हेच. आत शिरायचं, तुमच्या फाइली आपल्या किल्लीनं एन्क्रिप्ट करायच्या आणि किल्लीसाठी खंडणी मागायची. कुलूप तेच असतं, किल्ली फक्त दुसऱ्याच्या कनवटीला गेलेली असते.

तीन वर्षांपूर्वी माझ्याच एका गिऱ्हाइकाकडं हे झालं. सोमवारी सुट्टी होती. मंगळवारी सकाळी अकाउंटच्या ताईंचा फोन आला, ‘दादा, टॅली उघडंना आणि समद्या फोल्डरात एक इंग्लिश चिठ्ठी पडलीय.’ जाऊन बघतो तर ड्रॉइंग, पगार, रिपोर्ट, प्रत्येक फाइलच्या नावाला आठ अक्षरांची विचित्र शेपटी. बॅकअपची हार्ड डिस्क होती, पण ती सर्व्हरच्या पाठीला चोवीस तास चिकटलेली. चोराला ती दुसऱ्या ड्राइव्हसारखीच दिसली. तिच्यावरच्या फाइलींनाही तीच शेपटी. ती डिस्क तशी जोडून ठेवणारा मीच होतो.

वाचलं ते नशिबानं. सीएंना द्यायला म्हणून ताईंनी अकरा दिवस आधी टॅलीचा डेटा पेन ड्राइव्हवर घेतला होता आणि तो त्यांच्या पर्समध्येच राहिला होता. ड्रॉइंग जुन्या मेलमधून एकेक उपसून काढली. तीन आठवडे गेले.

ऑथेंटिकेशन: ‘मीच तो’ हे सिद्ध करणं

चोर आत आला कसा? लॉकडाऊनमध्ये घरून काम करता यावं म्हणून सर्व्हरचं रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दूरून सर्व्हर चालवायची सोय, थेट इंटरनेटवर उघडं ठेवलं होतं. पासवर्ड कंपनीचं नाव आणि पुढं १२३. रिमोट डेस्कटॉपची दारं इंटरनेटवर कुठं कुठं उघडी आहेत हे शोधत फिरणारे प्रोग्राम अहोरात्र चालू असतात. ते कोल्हापूर बघत नाहीत की कारखाना बघत नाहीत. दार दिसलं की नेहमीचे पासवर्ड लावून बघतात. म्हणजे आमच्याकडं कुलूप फोडलंच नव्हतं. किल्ली लावून, दार उघडून, कुणीतरी रीतसर आत आलं होतं.

आलेला माणूस खरंच तोच आहे ना, याची खात्री करणं म्हणजे ऑथेंटिकेशन. खात्री तीन गोष्टींवरून होते: तुम्हाला काय ठाऊक आहे (पासवर्ड), तुमच्याजवळ काय आहे (मोबाइल), तुम्ही कोण आहात (बोटाचा ठसा). यांपैकी किमान दोन मागितल्या की ते झालं मल्टी-फॅक्टर. बँकेच्या लॉकरला नाही का, एक किल्ली तुमची आणि एक बँकेची? एकट्या किल्लीनं लॉकर हलत नाही.

एसएमएसवरच्या ओटीपीपेक्षा मोबाइलमधलं ऑथेंटिकेटर ॲप बरं, कारण सिमची नक्कल काढून ओटीपी पळवता येतो. ॲप फुकट आहे. तरी सगळ्यात जास्त कुरकुर होते ती यावरच. ‘दर वेळी मोबाइल कोण शोधत बसणार?’ अहो, गुजरीतला सराफ शटरला दोन्ही बाजूंनी कुलपं लावतो तेव्हा त्याला कुणी आळशी म्हणत नाही.

अमेरिकेत २०२१ च्या मे महिन्यात कोलोनियल पाइपलाइन ही इंधन वाहून नेणारी कंपनी बंद पडली. चोर आत आले ते दूरून काम करण्यासाठीच्या एका जुन्या, वापरात नसलेल्या खात्यातून. पासवर्ड फुटलेला होता आणि दुसरी किल्ली नव्हतीच. आपल्याकडं अशी जुनी खाती किती असतील? नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या मुलाचं लॉगिन, मागच्या कॉम्प्युटरवाल्याचं लॉगिन, ‘ॲडमिन’ नावाचं चौघांत मिळून एक. माणूस गेला की त्याच दिवशी त्याचं खातं बंद. आणि ज्याला ड्रॉइंग लागतात त्याला पगारपत्रक कशाला दिसायला हवं? गेटपासवर कुठल्या विभागात जायचं ते लिहितोच ना आपण.

खात्री करणारा पहारेकरीच खोटा निघाला तर काय होतं, हे पुण्याच्या कॉसमॉस बँकेनं ऑगस्ट २०१८ मध्ये पाहिलं. मालवेअरच्या साहाय्यानं चोरांनी खोटा स्विच, म्हणजे एटीएमची विचारणा बँकेकडं पोचवणारी यंत्रणा, उभा केला. ‘या कार्डाला पैसे देऊ का?’ ही विचारणा बँकेच्या मूळ यंत्रणेकडं जायच्या आधीच तो ‘द्या’ म्हणून सांगत होता. दोन दिवसांत ९४ कोटी रुपये गेले. २८ देशांतल्या एटीएममधून रोकड निघाली आणि काही आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधूनही.

मालवेअर: अँटिव्हायरस टाकलाय, आणखी काय?

तुमच्या नकळत तुमच्याविरुद्ध काम करणारा प्रोग्राम म्हणजे मालवेअर. व्हायरस, वर्म, रॅन्समवेअर ही त्याची भावंडं.

जुना अँटिव्हायरस म्हणजे गेटवरचा वॉचमन, हातात फरारींच्या फोटोंची वही. फोटोतला चेहरा आला की अडवतो. नवा चोर आला की सलाम ठोकतो. शीटमध्ये ज्याला ईडीआर म्हटलंय तो वॉचमन चेहऱ्यापेक्षा वागणं बघतो. रात्री दोनला अकाउंटच्या लॉगिनवरून मिनिटाला शेकडो फाइली बदलल्या जातायत? आधी तो कॉम्प्युटर नेटवर्कपासून तोडतो, मग फोन करतो. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे कोल्हापुरातल्या पोराटोरांनाही पाठ असतं. सर्व्हरची इशारा पातळी मात्र कुणी ठरवलेली नसते.

दुसरं, अपडेट. वॉनाक्राय हे रॅन्समवेअर मे २०१७ मध्ये दीडशेच्या आसपास देशांत पसरलं. ज्या भगदाडातून ते शिरत होतं ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. दोन महिने लोक ‘नंतर आठवण करा’ दाबत राहिले. विंडोज सर्व्हर २०१२ ला नेहमीची अपडेट मिळणं ऑक्टोबर २०२३ मध्ये संपलं, विंडोज १० ला ऑक्टोबर २०२५ मध्ये. तुमचा खोका कुठला आहे ते एकदा बघा.

जुन्या सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या, मशिनांचा प्रश्न खरा आहे. कंट्रोलरमध्ये जुनं विंडोज एक्सपी, मशिन पंधरा लाखांचं, बदलायचं कसं? बदलू नका. ते सर्व्हरच्या नेटवर्कवरून वेगळं काढा आणि प्रोग्राम न्यायचा पेन ड्राइव्ह त्याच कामापुरता ठेवा. लग्नाचे फोटो, पिक्चर आणि मशिनचा प्रोग्राम एकाच पेन ड्राइव्हवर, हा आपल्याकडचा फार लाडका प्रकार.

तिसरी गोष्ट सांगितली की मालक माझ्याकडं बघायचं टाळतात: क्रॅक सॉफ्टवेअर, म्हणजे पैसे न भरता कुलूप तोडून वापरलेलं. सोबतच्या सूचना वाचा, पहिलीच ओळ असते, ‘अँटिव्हायरस बंद करा.’ वॉचमनला घरी पाठवा, मग आम्ही येतो, असं सांगून येणारा पाहुणा आणखी कोण असणार?

‘आमच्याकडं कोण येतंय? आम्ही लहान माणसं’

फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस जपानमधल्या कोजिमा इंडस्ट्रीज या पुरवठादाराच्या सर्व्हरमध्ये मालवेअर शिरलं. त्यापायी टोयोटानं १ मार्चला जपानमधले आपले सगळे म्हणजे १४ कारखाने एक दिवस बंद ठेवले. सुमारे तेरा हजार गाड्यांचं उत्पादन बुडालं. ती शीट तुमच्यापर्यंत का आली याचं उत्तर यात आहे. मोठ्याच्या वाड्यात शिरायचं तर चोर आधी शेजारचं छप्पर बघतो.

सहकारी बँकांचे खातेदार आपण सगळेच आहोत. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या, बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि सुमारे ३०० लहान बँकांचे ऑनलाइन व्यवहार थांबवावे लागले. त्या बँकांच्या शाखेत कुणी शिरलंही नव्हतं.

‘क्लाऊडवर टाकलं की सुटलो ना?’

अर्धे. क्लाऊड म्हणजे दुसऱ्याच्या मोठ्या, चांगल्या राखलेल्या इमारतीत भाड्यानं घेतलेली खोली. इमारतीची राखण मालक करतो. खोलीची किल्ली तुमच्याकडंच असते, आणि ती पायपुसण्याखाली ठेवली तर तो काय करणार? शिवाय गूगल ड्राइव्हसारखी सिंक होणारी जागा म्हणजे आपोआप बॅकअप नव्हे. इथं फाइल बिघडली की तिथंही बिघडलेलीच जाते. जुन्या आवृत्त्या ठेवायची सोय असते, पण ती किती दिवसांपुरती आहे हे आधी पाहिलेलं असावं.

बॅकअपचा जुना नियम ३-२-१ चा आहे: प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक गावाबाहेर. त्या शेवटच्या ‘एक’बद्दल २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या शाहूपुरी-लक्ष्मीपुरीतल्या दुकानदाराला मी वेगळं काही सांगायला नको. सर्व्हर खाली, बॅकअप शेजारच्या टेबलावर. पाण्यानं दोन्हीला सारखंच धरलं.

एक प्रत तारेनं जोडलेली नसावी, हे माझं मत मंगळवारच्या त्या सकाळनंतर पक्कं झालं. जगातल्या मोठ्यांचीही गत वेगळी नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हे मालवेअर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलं आणि मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं काम ठप्प झालं. आपल्या जेएनपीटी बंदरातलं तिचं टर्मिनलही अडकलं. कोण कर्मचारी, कुणाला कुठं प्रवेश, याची नोंद ठेवणारे तिचे सर्व्हर ठिकठिकाणी पुसले गेले. एकच प्रत शाबूत सापडली, घानामधली. का? तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो सर्व्हर बंद होता. लोडशेडिंगचे असेही उपकार.

‘पैसे देऊन मोकळं झालं तर?’

कोलोनियल पाइपलाइननं ७५ बिटकॉइन दिले, त्या वेळचे सुमारे ४४ लाख डॉलर. बदल्यात फाइली उलगडणारं जे साधन मिळालं ते इतकं मंद होतं की कंपनीनं शेवटी आपल्याच बॅकअपवर काम चालवलं. चोर किल्ली देईलच असं नाही, दिली तर ती लागेलच असं नाही, आणि त्यानं डेटाची नक्कल आधीच काढून ठेवली असेल तर ती परत घेणार कशी?

घडलंच, तर आधी नेटवर्कची तार उपसा आणि वायफाय बंद करा. सर्व्हर फॉरमॅट करू नका. ‘साफ करून देतो’ म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका, पुरावा त्यातच असतो. चिठ्ठीचा फोटो काढा. सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. एप्रिल २०२२ मध्ये निघालेल्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेला कळवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर काही जुन्या रॅन्समवेअरच्या किल्ल्या फुकट मिळतात. युरोपच्या पोलिसांनी आणि सुरक्षा कंपन्यांनी मिळून २०१६ साली ते सुरू केलं. बघायला हरकत नाही, भरवसा मात्र ठेवू नका.

त्या शीटचं काय झालं?

फाउंड्रीवाल्यांबरोबर बसून आम्ही ती भरली. एन्क्रिप्शन: डिस्कवर हो, चालू केलं त्या तारखेसह. मल्टी-फॅक्टर: ऑफिसच्या सात लॉगिनना हो, मालकांच्या स्वतःच्या लॉगिनला नाही. (‘मला नको ते झंझट’ असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी शीटमध्ये ‘नो, ओनर’ असं टाइप करून स्क्रीन त्यांच्याकडं फिरवली, तेव्हा मोबाइल पुढं आला.) जुन्या सीएनसी: वेगळ्या केल्या.

शेवटच्या प्रश्नाला अडलो. बॅकअपवरून डेटा परत आणून कधी पाहिलंत? कधीच नाही. मग सोमवारी, कारखाना बंद असताना, कपाटातली डिस्क काढून एका रिकाम्या कॉम्प्युटरवर सगळं चढवायला घेतलं. चार तास दहा मिनिटं लागली. टॅली उघडलं. ड्रॉइंगचा एक फोल्डर मात्र आलाच नाही. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी त्याचं नाव बदललं होतं आणि तेव्हापासून त्याचा बॅकअप निघतच नव्हता. त्या रकान्यात आम्ही तारीख लिहिली, पुढं फोल्डरचं नाव, आणि पुढच्या सोमवारची तारीख.